पडद्यावरील सोंगाड्या

चैत्र लागला, कीं भोर आणि वेल्हे या तालुक्यांतील खेडीं जत्रेच्या तयारीला लागतात. पालखी, कुस्त्या आणि रात्रीचा तमाशा हीं त्या जत्रेचीं तीन अंगें होत. पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यांत नारायणगांवीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गांवोगांवचे कारभारी तेथें जाऊन खेळाची सुपारी देतात. आणि ठरल्या तिथीला फडाची गाडी गांवच्या वेशींत येऊन उभी राहते. ढोलकीवर थाप पडते, गण होतो, गवळण होते, लावणी होते. इतका वेळ मागच्या अंगाला घोंगडीवर कलंडलेला एखादा म्हातारा सोंगाड्याचा पहिला शब्द कानीं पडतांच उठून बसतो. शृंगाराची त्याला ओढ उरलेली नसते आणि कथानक तर त्यानें दहा वेळां पाहिलेलें असतें. तो उठून बसतो तो हसण्यासाठीं. वर्षभराच्या कष्टांत हसण्याचा असा हक्काचा प्रसंग पुन्हा लवकर यावयाचा नाहीं, हें तो जाणून असतो.

या सोंगाड्याला पडद्यावर आणावयाचें झाल्यास काय करावें लागतें, तेथें आल्यानें त्याला काय लाभलें आणि त्याच्या हातून काय निसटलें, हा प्रश्न केवळ चित्रपट लिहिणाऱ्यांचा नाहीं. खेड्यांतील माणसाला हसण्याचा विषय समजावयाचें, कीं हसण्याचा धनी समजावयाचें, हा प्रश्न त्याच्या पोटांत आहे. आणि भोरच्या मातीशीं नातें सांगणाऱ्या एका नटाच्या कारकीर्दींत त्याचें उत्तर बरेंचसें सांपडतें.

प्रथम तमाशांतील विनोद कसा घडतो, तें पाहिलें पाहिजे. जुन्या वगाला लिहिलेली संहिता क्वचितच असे. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक, गाणीं बांधलेलीं, परंतु संभाषण मात्र उभ्या उभ्या जुळवावयाचें, अशी रीत होती. राजा प्रश्न विचारी, सोंगाड्या उत्तर देई, आणि तें उत्तर प्रत्येक गांवीं थोडें निराळें असे. समोर बसलेला पाटील कंजूष आहे असें कळलें, तर वगांतला प्रधान त्या रात्रीपुरता कंजूष होई. गांवांत दुष्काळ असला, तर राजाच्या कोठारांत उंदीर उपाशी मरूं लागत. गवळण आणि वग यांच्या दरम्यान येणारी बतावणी तर सर्वस्वीं या हजरजबाबीपणावरच उभी असे. श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य लांबवावें, हशा झाला तर थांबावें, हशा झाला नाहीं तर तीच गोष्ट दुसऱ्या अंगानें सांगावी, ही सोंगाड्याची विद्या होती.

या विद्येला नियम नव्हते, असें मात्र नव्हे. समजा, भाटघरच्या धरणाखालीं गांव गेलेला एक शेतकरी कचेरींत अर्ज घेऊन उभा आहे. कारकून कागदावरून मान वर न करतां विचारतो,

“गाव कुठं आलं?”

“पान्यांत, सायेब.”

“आणि घर?”

“पान्यांत.”

“शेत?”

“त्येबी पान्यांतच.”

“अरे, मग अर्ज कसला घेऊन आलास?”

“प्यायच्या पान्याचा, सायेब.”

एवढ्याशा संवादांत विनोदी लेखनाचे बहुतेक नियम येऊन जातात. पहिलीं तीन उत्तरें एकाच शब्दाचीं आहेत. पहिल्या उत्तरानें कुतूहल वाटतें, दुसऱ्यानें त्याला वळण लागतें, तिसऱ्यानें श्रोत्याची खात्री होते, कीं आतां काय यावयाचें तें आपल्याला कळलें. ती खात्री झाली, कीं लगेच ती मोडावयाची; आणि मोडावयाची तीहि त्याच शब्दानें. चौथ्या वेळीं ‘पाणी’ हाच शब्द येतो, पण तोंपर्यंत तो बुडविणारा होता, आतां तो न मिळणारा झाला. दुसरा नियम असा, कीं हसूं आणणारा शब्द वाक्याच्या अगदीं जवळ जवळ शेवटीं यावा. त्याच्यामागें ‘सायेब’ या एका संबोधनाखेरीज कांहीं नाहीं, आणि तेंहि त्या माणसाच्या तोंडीं सहज बसलेलें आहे. त्यानंतर शेतकऱ्यानें आणखी एक वाक्य बोलून आपल्या दुःखाचें स्पष्टीकरण केलें, तर हशा जागच्या जागीं विरेल. आणि तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: शेतकरी विनोद करीत नाहीं. तो विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर देत आहे. डोंगराळ भागांतील वाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते आणि खालीं धरणाचें पाणी चमकत असतें, ही वस्तुस्थिति आहे. हसूं आलें, तें त्या स्थितीचें आणि मान वर न करणाऱ्या कारकुनाचें. शेतकऱ्याला कोणी हसलें नाहीं.

आतां हाच प्रसंग पडद्यावर घ्यावा. रंगभूमीवर शेवटचें उत्तर झालें, कीं नट थांबतो. हशा ओसरूं लागला, कीं पुढचें वाक्य उचलतो. कॅमेऱ्यापुढें उभ्या असलेल्या नटाला तो हशा ऐकूं येत नाहीं. चित्रपट तयार होऊन चित्रगृहांत पोंचेपर्यंत कित्येक महिने लोटतात, आणि मग भोरच्या तंबूंत जितकें हसूं येईल तितकेंच गिरगांवच्या चित्रगृहांत येईल, याची शाश्वति नसते. लेखकानें जागा सोडली नाहीं, तर पुढचें महत्त्वाचें वाक्य हशांत बुडतें. फार सोडली आणि हशा आलाच नाहीं, तर पडदा रिकामा वाटूं लागतो. कसलेला पटकथाकार अशा ठिकाणीं न बोलतां घडणारी एखादी गोष्ट घालतो. कारकून पहिल्यांदाच मान वर करतो. त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला दिसतो. तो पेला तो नकळत आपल्याकडे ओढून घेतो. हशा झाला तर ही कृति त्याला धरून ठेवते, न झाला तर तीच नवें हसूं निर्माण करते. तमाशांत जें काम सोंगाड्याची नजर करी, तें काम पटकथेंत अशा मूक कृतीला करावें लागतें. पडद्याचा विनोद बोलूं लागण्यापूर्वीं असाच जगला होता. दादासाहेब फाळके यांनीं १९१४ सालीं ‘पिठाचे पंजे’ हें विनोदी लघुचित्र काढलें, तेव्हां पडद्याला वाणी नव्हती. आणि चार्ली चॅप्लिननें एक शब्दहि न उच्चारतां साऱ्या जगाला हसविलें.

मराठी बोलपटाला बोलका विनोद शिकविला तो भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यांतील माणसानें. सासवडशीं नातें सांगणारे आचार्य प्र. के. अत्रे यांनीं १९३८ सालीं मास्टर विनायक यांच्यासाठीं ‘ब्रह्मचारी’ लिहिला. त्याची रचना आजहि अभ्यासण्याजोगी आहे. नायक औदुंबर हा आरंभींच ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो. प्रतिज्ञा झाली, कीं प्रेक्षकाच्या मनांत ती मोडण्याची वाट पाहणें सुरू होतें, आणि लेखकाचें अर्धें काम तेथेंच होतें. पुढें येणारें प्रत्येक साधें वाक्य त्या प्रतिज्ञेच्या पार्श्वभूमीवर विनोदी होतें. नायिका पोहावयास उतरली, एवढ्यानें कोणी हसत नाहीं. ती ब्रह्मचाऱ्यासमोर पोहावयास उतरली, म्हणून चित्रगृह हसतें. अत्र्यांचा हा विनोद सुशिक्षित मध्यमवर्गाचा होता. पुढारी, संस्था, ध्येयवाद आणि दंभ हे त्याचे विषय होते. खेड्यांतला माणूस त्या काळच्या नाटक-बोलपटांत यावयाचा तो बहुधा गडी, रामा किंवा पाटील म्हणून. आणि त्याची बोली हेंच त्याचें हसूं असे.

ही स्थिति ज्यानें पालटली, त्या दादा कोंडके यांचें कुटुंब मूळचें जुन्या भोर संस्थानांतील इंगवली या गांवचें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पण त्याच्या कितीतरी आधींपासून सह्याद्रीच्या पायथ्याचीं माणसें पोटासाठीं मुंबईच्या गिरण्यांकडे वळलीं होतीं. कोंडके कुटुंब त्यांपैकींच होतें. ८ ऑगस्ट १९३२ रोजीं मुंबईंत नायगांव भागांत, गिरणीकामगारांच्या वस्तींत, कृष्णा कोंडके यांचा जन्म झाला. चाळींत गांवाकडची बोली, गल्लींत शहराची बोली, आणि दोहोंमध्यें सतत होणारी चकमक, हें त्यांना बाळपणापासून ऐकावयास मिळालें. विनोदी लेखकाला जें कष्टानें मिळवावें लागतें, तें दोन भाषांमधलें अंतर त्यांच्या कानांतच होतें. बँडपथक आणि सेवादलाचें कलापथक यांतून ते रंगभूमीवर आले.

तेथें त्यांना वसंत सबनीस भेटले. सबनीस यांनीं ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला होता. ‘विच्छा माझी पुरी करा’ या नांवानें तो रंगभूमीवर गाजला आणि त्याचे पंधराशेंहून अधिक प्रयोग झाले. दादा त्यांत हवालदार होते. या जोडीचें मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. सबनीस हे मुद्रित अक्षरावर हुकमत असलेले विनोदी लेखक होते. परंतु वग लिहितांना त्यांनीं जुन्या वगाची मोकळी जागा बुजविली नाहीं. प्रसंगाचा पाया, पात्रांचा स्वभाव आणि गोष्टीचें वळण पक्कें बांधावयाचें, आणि नटाला रोजच्या वर्तमानपत्रांतून कांहीं उचलून आणावयाला वाव ठेवावयाचा, ही ती पद्धति होती. दादांनीं त्या मोकळ्या जागेचा पुरेपूर उपयोग केला. पंधराशें प्रयोग म्हणजे पंधराशें निरनिराळ्या समुदायांपुढें दिलेली परीक्षा होय. कोणत्या शब्दावर पहिली रांग हसते, कोणत्या शब्दावर शेवटची, कोठें बायका तोंडाला पदर लावतात आणि कोठें उठून जातात, याचा अनुभव अंगांत मुरल्यावरच ते पडद्याकडे वळले. कॅमेऱ्यापुढें प्रेक्षक नसतो खरा. पण हा नट आपला प्रेक्षक बरोबर घेऊन आला होता.

भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ या १९६९ सालच्या चित्रपटांत त्यांनीं प्रथम काम केलें. १९७१ सालीं त्यांनीं स्वतः निर्माण केलेला ‘सोंगाड्या’ आला. कथा-पटकथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचें, आणि नायिका उषा चव्हाण. त्याचा नायक नाम्या हा भोळा आहे. करड्या आईचा धाक त्याला आहे. आणि तमाशाचें वेड त्याला लागलें आहे. पटकथेच्या दृष्टीनें पाहिलें, तर औदुंबराच्या प्रतिज्ञेचें काम येथें आईचा धाक करतो. नाम्या कनातीकडे पाऊल टाकतो, तेव्हां आई प्रसंगांत नसूनहि प्रसंगांत असते. ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबणारी नाडी हा वेषहि असाच बोलका होता. चॅप्लिनच्या आंखूड कोटाप्रमाणें तो पात्राचा सारा स्वभाव तोंड उघडण्यापूर्वींच सांगून टाकी.

परंतु या चित्रपटाचें खरें नवेपण निराळें होतें. ज्या बोलीला तोंवर हसत, ती बोलणारा माणूस कथेच्या मध्यभागीं आला आणि हशा त्याच्या ताब्यांत गेला. नाम्या बावळट दिसतो. पण त्याच्या प्रश्नापुढें शहाणे म्हणविणारे निरुत्तर होतात. गिरणगांवांतला कामगार आणि मावळांतला शेतकरी या दोघांनाहि पडद्यावर आपला माणूस हरतांना दिसला नाहीं. त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’ १९७२ सालीं, ‘आंधळा मारतो डोळा’ १९७३ सालीं आणि ‘पांडू हवालदार’ १९७५ सालीं आले. आणि त्यांचे ओळीनें नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरल्याची नोंद गिनेस बुकानें घेतली. ‘पांडू’ हा शब्द तर पोलीस शिपायासाठीं बोलीभाषेंत रूढच झाला. त्याच चित्रपटानें अशोक सराफ यांच्यासारखा विनोदी नट घरोघरीं पोंचविला.

दादांच्या विनोदाचें नांव काढलें, कीं द्व्यर्थी संवादांचा विषय टाळतां येत नाहीं. कांहींनीं त्याला अश्लील म्हणून झिडकारलें, कांहींनीं लोककलेचा वारसा म्हणून डोक्यावर घेतलें. दोन्ही पक्षांनीं त्याच्या रचनेकडे पुरेसें लक्ष दिलें नाहीं. द्व्यर्थी वाक्य चांगलें साधलें, म्हणजे त्याचा उघड अर्थ निर्दोष आणि पुरा असतो. तो कथेंत बसतो, पात्राच्या तोंडीं शोभतो, आणि लहान मुलालाहि समजतो. दुसरा अर्थ बोलणाऱ्याच्या गांवींहि नसतो. तो ऐकणाराच आपल्या मनांतून आणतो आणि आणल्याबद्दल स्वतःच चपापतो. म्हणजे हशा येथें उलटून श्रोत्यावरच पडतो. अशा वाक्याला बोट लावावयाचें झाल्यास चित्रपट तपासणाऱ्यांनाहि दुसरा अर्थ आधीं आपल्या तोंडानें सांगावा लागे, आणि लेखकाचा पहिला अर्थ मात्र साळसूदपणें उभाच असे. या युक्तीला एकच अट आहे. बोलणारा भोळा असला पाहिजे. त्यानें डोळा मिचकावला, कीं निर्दोष अर्थ खोटा ठरतो आणि मागें उरते ती नुसती चावट ओळ.

ही अट जेथवर पाळली गेली, तेथवर दादांचा विनोद पिकला. पुढें पुढें मात्र शब्द मोठे झाले आणि माणूस लहान होत गेला. चित्रपटाच्या नांवापासूनच दुसरा अर्थ पुढें येऊं लागला. १९८४ आणि १९८६ सालच्या हिंदी चित्रपटांत तर बोलीचा आधारहि सुटला. नाम्याला गांव होतें, आई होती, वेड होतें. नंतरच्या नायकांना पुष्कळदां संवादच तेवढे होते. गर्दी त्यांनाहि झाली. परंतु आठवण काढावयाची झाली, तर लोकांना नाम्या आणि पांडू आठवतात, आणि तीं वाक्यें आठवतात तीं त्यांच्या तोंडचीं म्हणून. १४ मार्च १९९८ रोजीं दादा निवर्तले, तेव्हां हाच भोळा माणूस गेल्याची हळहळ गिरणगांवांत आणि खेड्यापाड्यांत व्यक्त झाली.

सबनीसांच्या लेखणीनें पुढें आणखी एक वळण घेतलें. सचिन पिळगांवकर यांनीं दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालीं आला. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटावर तो आधारलेला होता. पुण्यांत बिऱ्हाड मिळावें म्हणून चौघां मित्रांपैकीं दोघांना बायकांचें सोंग घ्यावें लागतें. येथें सोंगाड्या पुन्हा आहेच. पण त्याच्या सोंगामागें आतां भाड्याच्या खोलीची खरी अडचण आहे. प्रेक्षकाला सोंग ठाऊक, घरमालकिणीला ठाऊक नाहीं, एवढ्या एका अंतरावर सारा चित्रपट उभा आहे. अशा कथेंत साध्यांतलें साधें वाक्यहि हसवितें. द्व्यर्थी शब्दाची जागा द्व्यर्थी प्रसंगानें घेतली, असें म्हणावयास हरकत नाहीं. आणि प्रसंग हा शब्दापेक्षां अधिक टिकाऊ असतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईंत दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि विनोदी लेखकापुढें तिसरेंच कोडें पडलें. आतां पांचशें माणसांची गर्दी नाहीं. पांच माणसें, चुलीवरचें दूध आणि दारांतला शेजारी. हशा संसर्गानें वाढतो, आणि घरांत संसर्गाला माणसें थोडीं. ‘गजरा’ या कार्यक्रमानें छोटे प्रसंग हातीं घेतले, चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनीं पडद्यावर आणलें, तेव्हां मोठ्या हशापेक्षां ओठांतल्या हसण्यावर भर दिला. पुढें २०१४ सालीं सुरू झालेलें ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ सालचें ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांनीं समोर हसणारीं माणसें बसवून प्रहसनें सादर केलीं. शंभर वर्षें फिरून विनोद पुन्हा बतावणीपाशीं आला. एका कार्यक्रमाच्या तर नांवांतच जत्रा आहे. परंतु आठवड्याला नवीं प्रहसनें लिहावयाचीं, म्हणजे पात्र रुजण्यापूर्वींच कापणी करावयाची. मग कोणाच्या लठ्ठपणावर, कोणाच्या रंगावर, कोणाच्या बोलीवर हसविण्याचा मोह लेखकाला होतो. तो मोह जो आंवरतो, त्याचींच पात्रें लोकांच्या घरांत राहतात.

भोरच्या राजवाड्यांत आजवर अनेक चित्रपटांचें चित्रीकरण झालें आहे. वाड्याचे खांब, चौक आणि भाटघरचें पाणी कॅमेऱ्याला आवडतें. वेल्हे तालुक्याला राजगडाचें नांव देण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला. राजगड आणि तोरणा हे किल्लेहि पडद्यावर दिसतात. मात्र गर्दींत उभा राहण्यासाठीं बोलाविलेला तेथला माणूस बहुधा मुकाच असतो. त्याला बोलावयाला लावणारा लेखक पुन्हा हवा आहे. त्या लेखकानें नवा शब्द शोधण्यापूर्वीं नारायणगांवाहून फड येईल त्या रात्रीं मागच्या अंगाला, घोंगडीवरच्या म्हाताऱ्याशेजारीं जाऊन बसावें. प्यावयाच्या पाण्याच्या अर्जाची गोष्ट ऐकून तो म्हातारा प्रथम हसेल आणि मग क्षणभर गप्प होईल. त्याचें तें गप्प होणें ज्याला लिहितां आलें, त्याला विनोद साधला.